मामंजींची उर्दू आणि आमच्या गावच्या शाळा



पर्युषणाआधीची आवराआवर काढली की माळ्यावरची पत्र्याची पेटी दरवर्षी खाली येते. आतले कागद उन्हात घालायचे, कडुनिंबाचा पाला बदलायचा आणि पेटी पुन्हा वर. यंदा नात सुट्टीला आलेली होती. तिने एकेक कागद उचलून विचारायला सुरुवात केली, "आजी, हे काय लिहिलंय?"

पेटीत तीन तऱ्हेचे कागद आहेत. सासूबाईंच्या हातची देवनागरीतली स्तोत्रे. आजेसासऱ्यांच्या दुकानाची रोजमेळ आणि खतावणी, ती मोडीत. आणि मामंजींच्या शाळेच्या वह्या, दाखले आणि घराचे कागद, ते उर्दूत. एका घरात तीन पिढ्यांत तीन लिप्या. मी बी.कॉम. झालेली बाई. पण या पेटीपुढे मी पहिलीच वाचू शकते. नात इंग्रजी शाळेत जाते, तिला तीही अडखळत वाचता येते.

तिने विचारले, "आबांचे बाबा मुसलमान होते का? उर्दू का लिहायचे?" मला हसू आले, आणि मग वाटले की हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मुलाबाळांना हे सांगितले पाहिजे. म्हणून आजचा लेख आमच्या नेकनूरच्या निमित्ताने शाळेच्या भाषेविषयी.

आधी गावाविषयी थोडे. बीडहून मांजरसुंब्याचा फाटा घेऊन केज-अंबाजोगाईच्या रस्त्याला लागले की नेकनूर लागते. नेक म्हणजे चांगला, नूर म्हणजे तेज. गावाच्या नावातच फारसी-अरबी आहे. जवळच कपिलधार, मन्मथस्वामींचे ठिकाण. आठवडी बाजारात तासभर उभे राहिले तरी चार भाषा कानावर येतात. शेतकऱ्यांची मराठवाडी मराठी, मोमीन-खाटीक-बागवानांची दखनी, मारवाडी दुकानदारांची आपसातली मारवाडी आणि बंजारा बायांची गोरमाटी. आमच्या घरात पहिल्यापासून मराठीच. आम्ही सैतवाळ, आमचे देवदर्शनाचे शब्दही मराठीत. तरीही मामंजी हिशेब करायचे ते उर्दूत!

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे पहिल्यांदा ऐकले. गिऱ्हाईक समोर उभे, मामंजी ओठातल्या ओठात "तीन छक्के अठारह" म्हणायचे आणि तोंडाने मोठ्याने सांगायचे, "अठरा रुपये झाले बघा." मी बार्शीची. आमच्याकडे कोणी असे करताना पाहिले नव्हते. माझे वडील आणि मामंजी जवळजवळ एका वयाचे. वडिलांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार शिकला. मामंजींनी जमा, तफरीक, जरब, तकसीम शिकली. वडिलांचा भूगोल, तर मामंजींचा जुगराफिया. दोन्ही घरे मराठी, दोन्ही जैन, मधले अंतर फार तर दिवसभराच्या बैलगाड्यांच्या दोन-तीन मजलांचे. पण मध्ये एक सरहद्द होती. बार्शी मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. नेकनूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. पुढे सात हाली रुपयांचे सहा कलदार असा भाव ठरलेला होता. पैशांचा भाव ठरवता आला. दोन शाळांमधला भाव कोणी ठरवायचा?

आता थोडा इतिहास बघू. हैदराबाद संस्थानात मुख्य भाषा चार. तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे, मराठी साधारण चौथा हिस्सा, कन्नड त्याहून कमी, आणि उर्दू मातृभाषा असलेले दहात एक-सव्वा एक. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी मुलखाचे. संस्थानचा कारभार आधी फारसीत चालायचा. १८८० च्या दशकात तो उर्दूत आला. दफ्तर उर्दूत आले की नोकरी उर्दूत येते, आणि नोकरी उर्दूत आली की शाळाही उर्दूत येते. यात कोणाला नवल वाटले नाही.

शाळांची नावेही तशीच. प्राथमिक ती तहतानिया, मधली ती वस्तानिया, हायस्कूल ती फोकानिया. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे शब्द मी कितीदा ऐकले आहेत. "मी वस्तानियापर्यंत शिकलो," असे मामंजी अभिमानाने सांगत. तहतानियात सुरुवातीला मराठी मुलाला मराठी अक्षरे मिळत, बरोबर उर्दू. वर जाल तशी मराठी मागे पडे आणि सगळे विषय उर्दूत. पहिल्या चार यत्ता मामंजी गावात शिकले आणि पुढे बीडला नातेवाइकांकडे राहिले. तिथे पहिल्या वर्षी वर्गात आपण मुक्यासारखे बसून असायचो असे ते सांगत. गणित येत होते, पण मास्तर काय विचारतात ते कळत नव्हते. घरी येऊन सांगावे तर घरात कोणाला उर्दू येत नव्हती. त्यांच्याबरोबर गावातली जी मुले गेली त्यातली बरीच वर्षा-दोन वर्षांत परत आली. ती "डोक्याने कच्ची" म्हणून दुकानाला, शेताला लागली. मामंजी म्हणायचे, "कच्ची नव्हती गं. त्यांना कोणी त्यांच्या बोलीत विचारलंच नाही."

घराबाहेर पडून शिकायची सोय मुलांनाच होती, हेही नोंदवून ठेवते. सासूबाईंना शाळा मिळालीच नाही. त्यांनी अक्षरे गिरवली ती मंदिरात, वाचायला येणाऱ्या एका विधवा आत्यांकडून. म्हणून त्यांना नमोकार मंत्र आणि भक्तामर वाचता यायचे. दुकानाची पाटी, जी त्या काळी उर्दूतही असे, ती वाचता येत नसे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. निजामाच्या शिक्षणात सगळेच वाईट होते असे नाही. १९१७ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. इंग्रजी सोडून आपल्या देशातल्या भाषेत उच्च शिक्षण देणारे हे हिंदुस्थानातले पहिले आधुनिक विद्यापीठ. त्यासाठी दारुल तर्जुमा नावाचे भाषांतराचे खास खाते काढले. वैद्यक, कायदा, गणित, विज्ञान यांची पुस्तके उर्दूत आणली, नवे शब्द घडवले. इंग्रजीशिवाय डॉक्टर, वकील होता येत नाही असे आज आपण सर्रास म्हणतो. त्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते. हे थोर काम आहे आणि ते मान्य करायला काही हरकत नाही.

पण आपल्या भाषेतले शिक्षण, यातले "आपल्या" कोणाचे? दहातल्या एकाचे. उरलेल्या नऊ जणांना उर्दू ही इंग्रजीइतकीच परकी नसली तरी शिकावीच लागणारी भाषा होती. गंमत बघा, निजामी नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कन्नड अक्षरेही असत. बाजारात चारही भाषा चालल्या पाहिजेत हे सरकारला कळत होते, कारण नोट सगळ्यांच्या हातात जायची. शाळेत मात्र एकच. बाजाराला जे कळले ते शाळेला कळले नाही. संस्थानात त्या काळी शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती. त्याची कारणे अनेक, पण हे एक मोठे.

मग लोकांनी स्वतः शाळा काढल्या. १९०७ मध्ये हैदराबाद शहरात विवेक वर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले. औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला, ज्याला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, योगेश्वरी विद्यालय. उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. हिप्परग्याच्या शाळेत १९२९ मध्ये एक तरुण शिक्षक आले आणि पुढे १९३५ मध्ये अंबाजोगाईला गेले. ते स्वामी रामानंद तीर्थ. पुढे तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले. म्हणजे मुक्तिसंग्रामाचा सेनापती आधी खेड्यातला मास्तर होता, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

या खासगी शाळा सुखासुखी चालत नव्हत्या. १९२० च्या दशकात सरकारने खासगी शाळांना परवानगीची अट घातली. सभा-संमेलनांवर गश्ती निशाण ५३ नावाच्या हुकमाचा पहारा होता. वर्गणी गोळा करायची तर व्यापाऱ्यांकडेच जावे लागे. आपल्या समाजातल्या आणि मारवाडी घरांतल्या व्यापाऱ्यांनी गावोगाव धान्याची, पैशांची मदत केली. आजेसासऱ्यांच्या खतावणीत "शाळा खाते" म्हणून दोन-चार रकमा आहेत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी मला त्या दाखवल्या. कुठल्या शाळेसाठी ते लिहिलेले नाही. कदाचित मुद्दामच लिहिले नसेल. वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, खात्यात नाव न लिहिता रक्कम तेवढी लिहिलेली दिसली की समजावे, इथे भीती होती.

१९३१ मध्ये हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरले, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ मध्ये उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. त्यांना काढून टाकले. त्यातल्या कितीतरी मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही त्या मुलांतलेच. शाळेची भाषा, मग शाळेतले गाणे, मग राज्य कोणाचे. हे धागे एकात एक गुंतलेले होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केले ते आमच्या घरातल्या बायकांनी धान्याच्या बळदात लपून ऐकले आहे. आणि त्यानंतरच्या दिवसांत काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांचे जे हाल झाले, तेही इतिहासाने नोंदवलेले आहे. आपण अहिंसा सांगणारी माणसे. एका बाजूचे दुःख सांगायचे आणि दुसरे गाळायचे हे आपल्याला शोभत नाही.

मग शाळेची भाषा पालटली. एका रात्रीत नाही, पण काही वर्षांतच. मराठी शाळा वाढल्या, फोकानियाचे हायस्कूल झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तोवर या पाच जिल्ह्यांत औरंगाबादचे एक इंटरमिजिएट कॉलेज होते, पुढे नव्या कॉलेजांची भर पडली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेले मिलिंद महाविद्यालय त्यातले मोठे नाव. आमच्या भागातली गरिबांची मुले तिथे जाऊन शिकली.

या पालटाचा एक तोटा मात्र कोणी लिहीत नाही. जे मास्तर आयुष्यभर उर्दूत गणित शिकवत होते त्यांचे काय झाले? जे मामंजींसारखे घाम गाळून उर्दू शिकले आणि ऐन विशीत ती निरुपयोगी झाली, त्यांचे काय? मामंजी वयाच्या पंचविशीत पुन्हा देवनागरीत अर्ज लिहायला शिकले. त्यांच्या मराठी सहीची पहिली दोन अक्षरे कायम थरथरती राहिली. आणि ज्यांची उर्दू हीच घरची भाषा होती, ते काल सरकारच्या भाषेचे होते, आज अल्पसंख्य भाषेचे झाले. माणसे तीच, गल्ली तीच, संख्याही तीच. फक्त दफ्तर हलले. यावरून मला एक कळले. अल्पसंख्य भाषा ही डोकी मोजून ठरत नाही. दफ्तरात जिला जागा नाही ती अल्पसंख्य. निजामाच्या काळात आमच्या गावात ती मराठी होती, आता उर्दू आहे.

फरक एवढाच, आणि तो मोठा फरक आहे, की आपल्या राज्यघटनेने या वेळी आधीच विचार केला होता. कलम २९ ने प्रत्येक समूहाला आपली भाषा-लिपी जपायचा हक्क दिला. कलम ३० ने धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या शाळा काढायचा. १९५६ मध्ये ३५० क हे कलम आले, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून राज्याने सोय करावी असे सांगणारे. म्हणून आज जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांबरोबर उर्दू शाळाही आहेत. १९६७ मध्ये निघालेली आपली बालभारती आठ भाषांच्या माध्यमांसाठी पुस्तके काढते. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू. मामंजींच्या वेळी असे कलम असते तर वर्गात मुकी बसलेली ती मुले कदाचित शाळेत टिकली असती.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगते. सांगायला जरा संकोच वाटतो, पण सांगते.

मामंजी १९९६ साली गेले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आम्ही मागची पडवी पाडून स्वयंपाकघर वाढवायला काढले. मागच्या शेजाऱ्यांनी भिंतीला हात लावू नका म्हणून हरकत घेतली. आमच्या ह्यांचे म्हणणे, भिंत आमची, आजोबांनी बांधलेली. बोलाचाली झाली, जाणे-येणे बंद झाले. सणाचे ताट जायचे थांबले. माझ्या धाकट्या जाऊबाई तर त्या घरासमोरून जाताना तोंड फिरवू लागल्या. कागद पेटीत होता, फसली सन १३४९ चा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३९-४० चा. पण वाचणार कोण? ज्यांना वाचता येत होते ते गेले, आणि ते असताना आम्ही कोणी कधी विचारले नाही.

शेवटी मीच तो कागद घेऊन वरच्या गल्लीतल्या आपांकडे गेले. आपा उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावून कागद खिडकीशी धरला. जुनी शिकस्ता, म्हणजे घाईच्या हाताची मोडकी उर्दू लिपी, त्यांनाही सहज लागेना. अर्ध्या तासाने त्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाभी, ये देखो. मुश्तरका. दीवार मुश्तरका है." मुश्तरका म्हणजे सामाईक, दोघांची.

मी घरी आले ती गप्पच. रात्री ह्यांना सांगितले. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. सत्तर वर्षे भिंत दोघांची होती. मामंजींना ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्या भिंतीला हयातीत एक खिळाही शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय ठोकला नव्हता. आम्हाला वाटायचे, त्यांचा स्वभाव भिडस्त. आपल्या पाच व्रतांत सत्य आहे, अचौर्य आहे. रोज पाठ म्हणत होतो, आणि न वाचता आलेल्या एका शब्दापायी दुसऱ्याच्या अर्ध्या भिंतीवर हक्क सांगत होतो. दुसऱ्या दिवशी हे स्वतः शेजाऱ्यांकडे गेले. मिच्छामि दुक्कडम् म्हणाले की नाही ते मला माहीत नाही. पण संध्याकाळी त्यांच्याकडून ताकाची लोटी आली.

ही भाषेची किंमत. पिढी बदलली, शाळा बदलली, आणि आपल्याच घराचा कागद आपल्याला मुका झाला. हे फक्त आमच्याकडे घडले असे नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात निजामकालीन दफ्तरे उघडली. ती उर्दूत आणि मोडीत. मग जिकडेतिकडे उर्दू-मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. लाखो लोकांचे भवितव्य ज्या कागदांत होते ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी!

आपांकडे त्या दिवसापासून माझे जाणे-येणे वाढले. त्यांच्याकडून दुसरी बाजू कळली. त्या म्हणतात, "हमारी बच्चियाँ घर में उर्दू भी नहीं बोलतीं, दखनी बोलतीं." शाळेतली शुद्ध उर्दू त्यांनाही शिकावीच लागते. आणि दखनी तर आपल्या मराठीत भिजलेली. त्यांचा "नक्को" आपल्या "नको"वरूनच गेला. इकडे आपला जमाखर्च, रक्कम, वसूल, बाकी, कर्ज, दुकान हे सगळे शब्द तिकडचे. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो उगीच नव्हे. तरी दुकानाच्या गादीवरून हे शब्द काही उठले नाहीत. मी कॉलेजात पुस्तपालन शिकले तेव्हा जमा-नावे लिहिताना कधी वाटलेही नाही की ही तीच जमा, जी मामंजींनी बेरीज म्हणून शिकली.

आपांची खरी तळमळ वेगळी आहे. उर्दू शाळा गावात असते तोवर मुली शिकतात, कारण शाळा जवळ, बाई ओळखीच्या, भाषा ओळखीची. वरच्या वर्गांसाठी दूर जायचे किंवा एकदम मराठी वर्गात बसायचे झाले की काही मुली गळतात. आपांनी अशा मुलींना घरी बसवून मराठी शिकवली. म्हणायच्या, "मराठी आली पाहिजे भाभी, इथेच राहायचंय. पण उर्दू सोडून नाही, उर्दूवरून चढून." मला मामंजींची ती मुकी मुले आठवली. ऐंशी वर्षांनी, भाषा उलट्या झाल्या, तरी बाकावर बसलेले पोर तसेच.

भगिनींनो, आपल्या धर्मात भाषेचा अभिमान कसा सांगितला आहे ते आठवा. भगवान महावीरांनी उपदेश केला तो पंडितांच्या संस्कृतात नाही, लोकांच्या अर्धमागधीत. समवसरणातली दिव्यध्वनी अठरा महाभाषांत आणि सातशे लघुभाषांत ज्याची त्याला कळते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे ऐकणाऱ्याने भाषा बदलायची नाही, उपदेशाने त्याच्या भाषेत यायचे. आठव्या शतकात आपल्या उद्योतनसूरींनी कुवलयमालेत बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांच्या बोलींची नोंद केली, त्यात मराठी माणसाचीही बोली आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या चरणांशी आपण सगळ्याच माथा टेकवून आलो. तिथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतले लेख शेजारी-शेजारी कोरलेले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला आणि प्राकृताला एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. लेक आणि माय यांचा एकाच दिवशी सत्कार झाला म्हणा ना.

आणि आपण काय करतो आहोत? २०१४ च्या जानेवारीत जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य दर्जा मिळाला. कलम ३० प्रमाणे आपल्याही शाळा निघत आहेत, छान इमारती आहेत, पण बहुतेकींचे माध्यम इंग्रजी. दफ्तर पुन्हा हलले आहे. या वेळी कोणी फर्मान काढले नाही, आपणच फी भरून हलवले. मी माझ्या मुलालाही दोष देत नाही. नोकरीची भाषा ती शाळेची भाषा, हे त्याला मामंजींइतकेच कळते. निजामाच्या काळातही बापांनी हाच विचार केला होता. पण नात सत्तेचाळीस म्हटले की "म्हणजे फोर्टी-सेव्हन ना?" विचारते, तेव्हा मला "तीन छक्के अठारह" पुटपुटणारे मामंजी दिसतात. त्यांच्या बाबतीत निदान घर मराठी राहिले होते. आता घरही इंग्रजीत बोलू लागले आहे. उद्या तिच्या नातीने हीच पेटी उघडली तर मी लिहिलेली पाककृतींची वहीसुद्धा तिला मुश्तरकासारखी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावी लागेल.

म्हणून यंदा मी तीन गोष्टी ठरवल्या. नात आहे तोवर रोज सामायिकानंतर अर्धा तास मराठी वाचन, तिने मला आणि मी तिला. पेटीतले उर्दू कागद आपांकडून वाचून प्रत्येकाला मराठीत चिठ्ठी जोडायची. त्या आता पंचाहत्तरीच्या आहेत, हे काम पुढल्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. आणि आमच्या पाठशाळेच्या बैठकीत विषय काढायचा की मुलांना सूत्रे पाठ करून घेतो, तशी त्यांचा अर्थ मराठीत सांगायची सवयही लावावी.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर खाली काढा. घरात जे सर्वांत म्हातारे माणूस असेल त्याला विचारा, "तुम्ही शाळेत बेरजेला काय म्हणत होता?" मामंजींना मी हे सोळा वर्षांत एकदाही विचारले नाही. जे कळले ते कानावर पडले म्हणून.

काल संध्याकाळी नात आपांकडे माझ्याबरोबर आली. आपांनी तिला तिचे नाव उर्दूत लिहून दिले. तिने ते उजवीकडून डावीकडे गिरवले आणि खाली देवनागरीत लिहिले. तो कागद मी पेटीत ठेवला आहे.

जय जिनेंद्र.